कृपेवर अवलंबून राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते काही वर्षांपासून एका लहान मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पाळकीय सेवा करतात. सुरुवातीचा आवेश ओसरलाय. प्रार्थना कोरडी झालीय, उपदेशाची तयारी करताना मन लागत नाही, आणि थकवा बोलून दाखवला की मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन म्हणतात, ‘कृपेवर अवलंबून राहा.’ त्यांना मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अवलंबून राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय? सगळं कृपेनंच होत असेल तर आपण राबायचं कशाला? आणि आपण या पाचारणाला, देवानं सेवेसाठी केलेल्या बोलावण्याला, लायकच नव्हतो, चुकून इथे आलो, असं तर नसेल ना?

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. इतकी वर्षं सेवकांशी बोलल्यावर माझं मत असं झालंय की पहिल्या दोन्ही प्रश्नांच्या पोटात बहुतेक वेळा हाच दडलेला असतो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे तिसरा आणि चौथा हे अध्याय सलग वाचा. इस्राएल लोकांना मिसरच्या राजाच्या, फारोच्या, गुलामीतून सोडवायला देव मोशेला बोलावतो. मोशे एकामागून एक हरकती घेतो. पहिलीच हरकत तुमची आहे: ‘फारोकडे जाणारा असा मी कोण?’ देवानं दिलेलं उत्तर नीट पाहा. तू राजवाड्यात वाढलास, मिसरी विद्या शिकलास, रानवाटा तुला ठाऊक आहेत, यातलं तो काहीच म्हणत नाही, खरं तर हे सगळं म्हणता आलं असतं. तो एवढंच म्हणतो की मी तुझ्याबरोबर असेन. ‘मी कोण’ या प्रश्नाला तिथे उत्तरच मिळत नाही. मोशेची योग्यता सिद्धही होत नाही आणि नाकारलीही जात नाही, ती बाजूला ठेवली जाते. पुढे मोशे जिभेच्या जडपणाची सबब सांगतो आणि शेवटी स्पष्टच म्हणतो की दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा देव रागावतो. पण रागावूनही काय करतो? अहरोनाला सोबत देतो. पाचारण मागे घेत नाही.

आरंभीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचंही तसंच. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो विचारतो की या कामाला लायक कोण? लगेच पुढच्याच अध्यायात सांगतो की आमच्या अंगची पात्रता आमची नाही, ती देवाकडून आलेली आहे. म्हणजे ‘मी लायक नाही’ हे वाक्य पाचारणाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. उलट जो माणूस ते कधीच म्हणत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. धर्मसुधारक मार्टिन लूथर 1546च्या फेब्रुवारीत वारला. त्यानंतर एक चिठ्ठी सापडली, त्याच्या हातची शेवटची. तीत त्यानं लिहिलं होतं की आपण भिकारी आहोत, हे खरं आहे. जवळजवळ तीस वर्षं युरोप ढवळून काढणाऱ्या माणसाचा स्वतःविषयीचा निष्कर्ष हा.

इथे एक भेद मात्र करायलाच हवा. अपुरेपणा वेगळा आणि अप्रामाणिकपणा वेगळा. मंडळीच्या पैशांत गडबड असेल, घरात हात उगारला जात असेल, एखादं लपवलेलं नातं असेल, तर ‘देवाची कृपा आहे’ म्हणत व्यासपीठावर उभं राहू नये. पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी काय असावं ते सांगतो, आणि कृपेनं ती अट रद्द होत नाही. तुमच्या पत्रावरून तुमचा प्रश्न त्यातला दिसत नाही. तुमचा प्रश्न थकव्याचा आणि कोरडेपणाचा आहे.

आता राबण्याविषयी.

हा वाद मंडळीत फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी ऑगस्टीन या बिशपनं अशी प्रार्थना लिहिली: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलाजियस नावाच्या शिक्षकाला ती रुचली नाही. बळही देवानंच द्यायचं म्हटलं तर माणसं हातावर हात धरून बसतील, अशी त्याची भीती होती. 418मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसचं शिक्षण नाकारलं, आणि ते बरोबरच केलं. पण त्याच्या भीतीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. तयारीविना व्यासपीठावर चढून ‘आत्मा जसं बोलायला लावील तसं बोलतो’ म्हणणारे मी पाहिलेत. पंचेचाळीस मिनिटं तीच चार वाक्यं फिरवून फिरवून सांगतात. ऐकणाऱ्यांवर कृपा करावी म्हणून तरी तयारी करावी.

पौलानं ही गाठ एका वचनात सोडवलीय, 1 करिंथ 15:10. मी जो काही आहे तो देवाच्या कृपेनं आहे, असं तो म्हणतो. मग इतर सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले, असंही म्हणतो. आणि लगेच स्वतःला आवरतो: ते मी केले असं नाही, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेनं केले. एकाच दमात तिन्ही गोष्टी. श्रम खरे आहेत, तो ते लपवत नाही आणि खोटी नम्रता दाखवत नाही. पण त्या श्रमांचं बिल तो देवाकडे पाठवत नाही.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी देवाबरोबर एक खातेवही उघडलेली असते. तारण कृपेनं मिळालं हे आपण शिकवतो, मनापासून मानतोही. पण सेवेत उतरलो की गुपचूप जमाखर्च सुरू होतो. इतके उपवास, इतक्या भेटी, इतक्या सभा जमेला. चिडचिड, आळस, चुकलेली सकाळची प्रार्थना खर्चात. शिल्लक चांगली असली की देव जवळ वाटतो, तूट आली की लांब. गलतीकरांवर, म्हणजे गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांवर, पौल याच कारणानं संतापला होता: आत्म्यानं सुरुवात केलीत आणि आता देहानं शेवट करताय का?

ही वही चालू आहे की बंद, हे रविवारी दुपारी कळतं. भक्ती संपते, तुम्ही दारात उभे राहून लोकांना निरोप देता. तिसऱ्या बाकावरचे वयस्कर गृहस्थ दर रविवारी ‘आजचं वचन छान झालं’ म्हणतात, आज नुसती मान हलवून निघून जातात. घरी येऊन तुम्ही जेवायला बसता, बायको काहीतरी सांगत असते, आणि तुमच्या डोक्यात मात्र ती हललेली मान असते. त्यांना काय खटकलं? दुसरा मुद्दा लांबला का? त्यांच्या मुलाचं उदाहरण घेतलंय असं त्यांना वाटलं का? संध्याकाळपर्यंत तुम्ही पूर्ण रिकामे. त्या गृहस्थांचा कदाचित गुडघा दुखत असेल. पण तुमची त्या दिवसाची किंमत त्यांच्या त्या एका वाक्यावर ठरत होती, म्हणून त्याच्या अभावानं तुम्हाला दिवाळखोर केलं. राबण्यानं माणूस दमतो. झोप झाली की तो दम भरून निघतो. अशा हिशेबानं मात्र माणूस झिजतो, आणि ती झीज झोपेनं भरत नाही. तुमचा कोरडेपणा यातला किती आणि नुसत्या कामाच्या ओझ्याचा किती, हे तुम्हालाच पाहावं लागेल. दोन्ही असू शकतात.

म्हणून ‘राबायचं कशाला’ याचं उत्तर माझ्याकडे असं आहे: लोकांना गरज आहे म्हणून, आणि काम तुमच्या हाती दिलंय म्हणून. स्वतःची जागा टिकवण्यासाठी राबायची गरज संपलेली आहे. इफिसकरांना लिहिताना पौल आधी म्हणतो की तारण कर्मांनी नाही, आणि पुढच्याच वचनात म्हणतो की सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झालीय. हा क्रम उलटा झाला की सेवा ओझं होते.

मग करायचं काय? वडीलजनांनी तुम्हाला दिलेलं वाक्य खरं आहे, पण तसंच हवेत सोडलं तर ते निरुपयोगी आहे. तर थोडं जमिनीवर येऊ.

पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र घ्या. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की ख्रिस्त येशूच्या ठायी असलेल्या कृपेनं बलवान हो. हे लिहिणारा माणूस तुरुंगात आहे आणि मरण जवळ आलंय हे त्याला कळून चुकलंय. आता त्याच पत्राचा चौथा अध्याय पाहा. लवकर माझ्याकडे ये. सोबतीला असलेला देमास मला सोडून गेला. मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, तो आण. पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि पत्र संपता संपता पुन्हा: हिवाळ्यापूर्वी ये. त्याच अध्यायात तो असंही म्हणतो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कुणीच माझ्या बाजूला नव्हतं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला.

मला वाटतं कृपेवर अवलंबून राहणारा माणूस कसा दिसतो हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. प्रभू जवळ उभा आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याला थंडी वाजते हे मान्य करायची लाज वाटत नाही. एकटेपणा लपवायची गरज वाटत नाही. मरायला टेकलाय तरी वाचायला हवंय. ‘माझ्याजवळ प्रभू आहे, झग्याचं काय’ असं तो म्हणत नाही. आणि ज्या मार्कावरून पूर्वी त्याचं आपल्या सहकाऱ्याशी, बर्णबाशी, कडाक्याचं भांडण झालं, त्याच मार्काला तो बोलावतोय.

तर पहिली गोष्ट, मागायला शिका. देवाकडे आणि माणसांकडे, दोन्हीकडे. सेवकांना पहिलं जमतं, दुसरं जमत नाही. ‘या महिन्यात आजाऱ्यांच्या भेटी मला एकट्याला झेपणार नाहीत, दोघांनी वाटून घ्या’ हे वाक्य वडीलजनांच्या बैठकीत उच्चारणं हा विश्वासाचा व्यायाम आहे. इथे मी तुमच्या वडीलजनांनाही दोन शब्द सुनावतो, ते वाचत असोत वा नसोत. थकलेल्या सेवकाला ‘कृपेवर अवलंबून राहा’ सांगून घरी जाणं फार सोपं आहे. गणना या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात मोशे इतका कावला होता की मला मारून टाक म्हणाला. देवानं त्याला कृपेवर प्रवचन दिलं नाही. सत्तर वडील उभे केले आणि ओझं वाटून दिलं. त्याआधी मोशेच्या सासऱ्यानंही, इथ्रोनं, तेच सांगितलं होतं की असं करशील तर तूही झिजशील आणि लोकही झिजतील. कृपा पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या हातानं येते, आणि ते हात तुमच्या वडीलजनांचे असायला हवेत.

दुसरी गोष्ट शरीराची. एलीया संदेष्टा झुडपाखाली जाऊन मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ आणि खा. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकण्याचा तो प्रसंग त्यानंतर येतो, खूप चालून गेल्यावर. सेवकाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा हवा, फोन दुसऱ्याच्या ताब्यात देऊन. आपण थांबल्यावरही मंडळी देवाचीच राहते, हे त्या दिवशी तुम्ही मान्य करत असता. आणि एक स्पष्ट सांगतो: झोप सतत उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात अविश्वास नाही. पौलानं तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवरही उपाय लिहून पाठवला होता.

तिसरी, प्रार्थनेची. कोरड्या काळात स्वतःचे शब्द शोधत बसू नका, दुसऱ्यांचे घ्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवट नाही, तरी ते शास्त्रात आहे. सकाळी एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा, आणि ज्या एका माणसाला त्या दिवशी भेटायचंय त्याचं नाव घ्या. एवढं पुरे. भावना येवो न येवो. प्रभुभोजनाच्या वेळी तर तुम्ही भाकर मोडून इतरांना देत असता; स्वतः घेताना मात्र घाईत घेता, पुढचं गीत कुठलं याचा विचार करत. त्या क्षणी थांबा. तिथे तुम्ही वाटणारे नसता, घेणारे असता. वचन, प्रार्थना आणि प्रभुभोजन यांना जुन्या लोकांनी कृपेची साधनं म्हटलंय, ती सेवकालाही तितकीच लागतात जितकी शेवटच्या बाकावरच्या माणसाला.

चौथी गोष्ट, कृपा आजच्यापुरती मिळते. रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो रोज माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचा होता, आणि उद्यासाठी राखून ठेवला तर किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. तुम्ही पत्रात लिहिलंय की असंच चालू राहिलं तर पुढची वीस-पंचवीस वर्षं कशी काढणार. त्या वर्षांची कृपा आज तुमच्याकडे नाही, ती असणारही नाही. आजच्या उपदेशाला, आजच्या त्या एका कठीण घराच्या भेटीला लागणारी मागा. इब्री 4:16 ‘ऐन वेळी’ मिळणाऱ्या साहाय्याचं बोलतं. आगाऊ साठ्याचं वचन मला कुठे सापडलेलं नाही. माझ्या ओळखीची एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षं सेवा करत होती. तिला कुणी विचारलं, इतकी वर्षं कसं जमवलं? ती म्हणाली, ‘वर्षं कुठे जमवली, रोज सकाळी चादर बदलली.’ पाळकांच्या शिबिरात मी ऐकलेल्या बऱ्याच व्याख्यानांपेक्षा हे कामाचं निघालं.

आणि अशक्तपणा. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे वचन आपण भिंतीवर लावतो, पण ते नकाराचं उत्तर आहे हे विसरतो. पौलानं शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा राहिला. तो काटा नेमका कसला, ते शास्त्र सांगत नाही, आणि त्यामुळेच प्रत्येकाला आपला काटा तिथे ठेवता येतो. तेव्हा सांगणाऱ्यानं हे वचन जपून सांगावं. बरं होण्याची प्रार्थना करणाऱ्याच्या तोंडावर ते फेकू नये. पौलाला ते थेट प्रभूकडून मिळालं, तेही तीनदा मागितल्यावर. तुम्हीही आधी मागा. कोरडेपणा जावा म्हणून स्पष्ट शब्दांत मागा. तो नाही गेला, तर त्यातूनही सेवा होऊ शकते. कोरड्या मनानं केलेली प्रार्थना आजाऱ्याच्या खाटेशी कमी ऐकली जाते असं मला कधी दिसलेलं नाही.

कृपेचं काम हळूहळू होतं, हेही धरून चाला, पण त्याचा आसरा घेऊ नका. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणाऱ्या जॉन न्यूटनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. 1748मध्ये समुद्रावरच्या वादळात त्यानं देवाचा धावा केला, आणि तिथून आपला पालट सुरू झाला असं तो पुढे मानत आला. पण त्यानंतरही 1754पर्यंत तो गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांवर होता, त्यांचा कप्तानही झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं उघडपणे लिहिलं ते 1788मध्ये. कृपा त्याला हळूहळू घडवत होती हे खरं. त्या मधल्या वर्षांत जहाजाच्या तळाशी साखळीत बांधलेल्या माणसांनी तिच्या संथपणाची किंमत मोजली, हेही खरं. आपला सहकारी तीत याला पौल लिहितो की कृपा आपल्याला अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. म्हणून स्वतःशी धीर धरा, पण ज्या गोष्टीनं दुसऱ्याला इजा होते तिथे धीर धरू नका. चिडून घरच्यांवर ओरडत असाल तर ते आजच थांबवायचं, आणि क्षमा मागायची.

राहिला प्रश्न सेवा सोडायची का. मी सोडू नका असं म्हणणार नाही. काही जणांचं पाचारण बदलतं, काहींना विश्रांतीसाठी दूर व्हावं लागतं, काही पौलासारखं हातानं काम करून सेवा करतात. तो तंबू करायचा. पाळक असणं हे एकच पाचारण नाही, आणि पद सोडल्यानं ख्रिस्तातली तुमची जागा जात नाही. पण थकव्याच्या ऐन भरात हा निर्णय घेऊ नका. आधी काम वाटून घ्या, मोकळा दिवस सुरू करा, दोन-तीन महिने जाऊ द्या. तुमच्या मंडळीबाहेरचा एखादा जुना सेवक गाठा, ज्याला तुमच्या राहण्या-जाण्यात स्वतःचा काही लाभ नाही, आणि त्याच्यासमोर बसून मोकळं बोला. त्यानंतरही जावंसं वाटलं, बायकोलाही तसंच वाटलं, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघा-तिघांनी दुजोरा दिला, तर जा.

मंडळीला यातलं किती सांगावं असंही तुम्ही विचारलंय. व्यासपीठावरून सगळं सांगू नका. उपदेश ऐकायला आलेल्यांना तुमचं ओझं घेऊन घरी पाठवणं बरोबर नाही. वडीलजनांना मात्र पूर्ण सांगा, येत्या बैठकीतच, आणि कुठली दोन कामं दुसऱ्यानं घ्यायची त्यांची नावं कागदावर लिहून न्या.